केक रंगवणारा मास्तर

पेंटिंगची पदविका घेऊन चार वर्षं जाहिरातीच्या कामात काढलेल्या एका मुलाचा प्रश्न आहे: "सर, कला महाविद्यालयात शिकवायची संधी आली आहे. पण सगळे म्हणतात, एकदा शिकवायला लागलास की तुझं चित्र सुटलं. मग वेन टीबोचं कसं सुटलं नाही? तो तर आयुष्यभर शिकवत होता. आणि खरं सांगायचं तर त्याच्या त्या केक-पेस्ट्रीत एवढं काय आहे, तेही मला नीट कळलेलं नाही."

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे असं माझं मत आहे. तिथपर्यंत यायला थोडा वेळ लागेल, कारण मधे त्याचं आयुष्य सांगावं लागेल.

आधी या अमेरिकन चित्रकाराचं नाव. इंग्रजी स्पेलिंग पाहून आपली मुलं थिबॉड, थायबॉड, काहीही म्हणतात. उच्चार टीबो. माझ्या वर्गात एका रत्नागिरीच्या मुलाने थिबा राजाशी त्याचं नातं जोडलं होतं. ते नातं नाही, पण तेव्हापासून त्या वर्गात कुणी हे नाव विसरलं नाही.

टीबोचा जन्म 15 नोव्हेंबर 1920 चा, अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावचा. कुटुंब लवकरच कॅलिफोर्नियात लाँग बीचला आलं आणि त्याचं बालपण तिथेच गेलं. समुद्रकिनारा, जत्रेतले खेळ, आइस्क्रीम आणि हॉटडॉगची दुकानं. तशाच एका टपरीवर पोरवयात त्याने कामही केलं. काउंटरच्या आतल्या बाजूने पदार्थ ओळीने मांडलेले पाहायचे, ही सवय तिथली. 1936 च्या उन्हाळ्यात, पंधराव्या वर्षी, तो डिस्ने स्टुडिओत शिकाऊ म्हणून होता. मुख्य चित्रकार हालचालीची दोन टोकं काढून देणार आणि मधली चित्रं या पोरांनी भरायची, असं ते काम. पुढे एका ट्रेड स्कूलमध्ये व्यावसायिक कलेचं थोडं शिक्षण, फलक रंगवणं, व्यंगचित्रं, पोस्टर. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात भरती झाल्यावरही हातात कुंचलाच होता. सॅक्रामेंटोजवळच्या तळावरच्या वार्तापत्रासाठी तो एक व्यंगचित्रमालिका काढायचा. युद्धानंतर लॉस एंजेलिसला रेक्सॉल या औषध कंपनीत जाहिरातींची मांडणी.

म्हणजे बघ, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत हा माणूस आपल्या भाषेत पक्का 'कमर्शियलवाला' होता. आपल्याकडे जे.जे.च्या आवारात रेखा-रंगकला आणि उपयोजित कला यांच्या इमारती शेजारी शेजारी, पण मनातलं अंतर मैलाचं. फाइनवाले कमर्शियलवाल्यांना दुकानदार समजतात आणि कमर्शियलवाले फाइनवाल्यांना उपाशी. टीबोने या भांडणात कधी भाग घेतला नाही. जाहिरातीच्या मांडणीबद्दल, व्यंगचित्रकारांबद्दल तो शेवटपर्यंत आदराने बोलत राहिला. 'क्रेझी कॅट' ही व्यंगचित्रमालिका काढणारा जॉर्ज हेरिमन त्याच्या दैवतांपैकी एक, आणि त्याच देव्हाऱ्यात युरोपातले मोठे चित्रकार शार्दां, वेलास्केथ, मोरांदी आणि देगासुद्धा. तुझी चार वर्षं वाया गेली असं तुला वाटत असेल तर हे लक्षात ठेव. पांढऱ्या जागेत एक वस्तू कुठे ठेवली की नजर तिथे थांबते, हे तो औषधाच्या जाहिराती करताना शिकला.

रेक्सॉलमधल्या रॉबर्ट मॅलरी नावाच्या मित्राने, जो पुढे स्वतः शिल्पकार म्हणून नावारूपाला आला, त्याला वाचायला आणि चित्राकडे गंभीरपणे बघायला लावलं. 1949 मध्ये टीबो नोकरी सोडून कॉलेजात गेला. आधी सॅन होजे, मग सॅक्रामेंटो. घरात बायको-मूल, वय एकोणतीस, आणि वर्गातली बाकीची मुलं कोवळी. 1951 मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी तो सॅक्रामेंटोच्या ज्युनियर कॉलेजात शिकवायला उभा राहिला. नामांकित कलाशाळेत तो कधीच शिकला नव्हता. म्हणजे जे शिकवायचं ते आधी स्वतः कळून घ्यायचं, दुसरा मार्ग नाही.

या पहिल्या काही वर्षांतली त्याची चित्रं बघशील तर तुला धीर येईल. ती फारशी चांगली नाहीत. विषय दुकानांच्या खिडक्या, जुगाराची यंत्रं वगैरे, पण वरून त्या काळच्या न्यूयॉर्कच्या अमूर्त चित्रकारांसारखे फटकारे मारलेले, कुठे चंदेरी रंग, कुठे ओघळ. 1956-57 मध्ये तो रजा घेऊन न्यूयॉर्कला राहिला, जाहिरात कंपनीत पोट भरलं आणि संध्याकाळी चित्रकारांच्या अड्ड्यावर गेला. विलेम डी कूनिंग, फ्रान्झ क्लाइन यांच्याशी ओळख झाली. डी कूनिंगच्या सल्ल्याचा मथितार्थ टीबो पुढे बऱ्याचदा सांगायचा: कलेची नुसती चिन्हं गोळा करू नकोस, ज्याच्याबद्दल तुला खरोखर काही माहीत आहे, काही वाटतं, ते शोध. ज्याच्या शैलीची नक्कल करतोय त्यानेच हे सांगावं, म्हणजे पंचाईतच.

सॅक्रामेंटोला परत आल्यावर त्याने जे केलं ते मला फार आवडतं, कारण ते अगदी मास्तरी आहे. तो पहिल्या धड्यावर गेला. मूलभूत आकार: वर्तुळ, लंबवर्तुळ, त्रिकोण, आयत. ते पांढऱ्या पार्श्वभूमीवर नीट मांडायचे, एका बाजूने प्रकाश टाकायचा, सावली कुठे पडते ते बघायचं. आपल्याकडे एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणारा आठवीतला मुलगा वस्तुचित्रात जे करतो, तेच. मग त्या त्रिकोणाचा त्याने 'पाय' (pie) या भरल्या पेस्ट्रीचा तुकडा केला, लंबवर्तुळाची बशी केली. ओळीने तुकडे मांडले, आणि झालेलं चित्र बघून त्याला स्वतःलाच हसू आलं. हे असं काढत राहिलो तर गंभीर चित्रकार म्हणून आपण संपलो, असं वाटल्याचं त्याने पुढे सांगितलं आहे. तरी हात थांबेना.

1960 मध्ये तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत रुजू झाला. डेव्हिस म्हणजे मुळात विद्यापीठाचं शेत. कृषी आणि पशुवैद्यकासाठी प्रसिद्ध, सर्वसाधारण विद्यापीठाचा दर्जा जेमतेम वर्षापूर्वी मिळालेला. राहुरीत एकदम कला विभाग निघावा तसं काहीसं. पण रिचर्ड नेल्सन या विभागप्रमुखाने नेमलेली माणसं बघ: मातीकाम करणारा रॉबर्ट आर्नेसन, विल्यम वायली, मॅन्युएल नेरी, रॉय डी फॉरेस्ट आणि टीबो. न्यूयॉर्कपासून दूर, कुणाचं लक्ष नाही, त्यामुळे फॅशनची धास्तीही नाही. पुढे जगभर गाजलेला ब्रूस नॉमन तिथेच शिकला आणि टीबोचा अध्यापन साहाय्यकही होता. नॉमनचं काम म्हणजे निऑनचे दिवे, व्हिडिओ आणि स्वतःच्याच शरीरावरचे प्रयोग. गुरूच्या केकचा त्यात मागमूस नाही. माझ्या लेखी शिक्षकाला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नाही. ज्या मास्तरचे सगळे विद्यार्थी मास्तरसारखीच चित्रं काढतात, तो मास्तर मला संशयास्पद वाटतो. अशी उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत.

1961 मध्ये टीबो केकची चित्रं घेऊन न्यूयॉर्कला गेला आणि एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत नकार गोळा करत फिरला. शेवटी अ‍ॅलन स्टोन नावाच्या तरुण गॅलरीवाल्याकडे पोचला. स्टोनलाही आधी काही कळलं नाही, पण चित्रं डोक्यातून जाईनात. एप्रिल 1962 मध्ये प्रदर्शन झालं आणि चित्रं भराभर विकली गेली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1961 चं 'कट मेरिंग्ज' विकत घेतलं. त्याच वर्षी पॅसाडीनाला वॉल्टर हॉप्सने भरवलेल्या प्रदर्शनात वॉरहॉल, लिक्टनस्टाइन, रुशे यांच्याबरोबर तो होता. लगेच शिक्का बसला: पॉप आर्टिस्ट, म्हणजे बाजारातल्या रोजच्या वस्तू आणि जाहिराती चित्रात आणणारा. त्याला तो कधीच मान्य नव्हता. तो त्यांच्या आधीपासून हे विषय रंगवत होता हा एक भाग. खरा फरक हाताचा आहे. वॉरहॉलला यंत्र व्हायचं होतं, चित्रातून हाताचा ठसा पुसून टाकायचा होता. टीबोच्या चित्रात हाताशिवाय दुसरं काही नाही. या यशानंतर तो न्यूयॉर्कला राहायला गेला नाही. अ‍ॅलन स्टोनशी त्याचं नातं स्टोनच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 2006 पर्यंत टिकलं, आणि टीबो सॅक्रामेंटोत राहून डेव्हिसला तास घेत राहिला.

आता केकांकडे. 1963 चं 'केक्स' वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पाच फूट उंच, सहा फूट रुंद. मुलीकडे गेलो होतो तेव्हा मी त्या एका चित्रासमोर इतका वेळ काढला की पहारेकरी दोनदा बघून गेला. लांबून तेरा केक दिसतात, उंच स्टँडवर ठेवलेले, मिठाईच्या दुकानाच्या काचेच्या कपाटात असतात तसे. जवळ गेल्यावर कळतं की आयसिंगच्या जागी रंग इतका जाड लावलाय की तो आयसिंगसारखा दिसत नाही, आयसिंगसारखा वागतो. सुरीने क्रीम फिरवल्यावर कडेला जी लाट उठते ती इथे कुंचल्याने उठलेली आहे. केकवर फिरलेला हात आणि कॅनव्हासवर फिरलेला हात एकाच दिशेने गेलेत. पदार्थाचा गुणधर्म रंगाच्या अंगी आणायचा, हा त्याचा खेळ. जाड रंग लावणारे शेकडो चित्रकार आहेत. इथे प्रत्येक थराला तसं असण्याचं कारण आहे.

दुसरी गोष्ट कडांची. मोबाइलवर ती दिसत नाही, म्हणून तुला केक नुसते गोड वाटले असणार. तो सुरुवातीचं रेखाटन पातळ पिवळसर रंगाने करायचा, मग त्यावर दुसऱ्या, तिसऱ्या रंगाची रेघ, दुरुस्ती करत करत. वरचा जाड रंग लावताना या रेघा पूर्ण झाकायच्या नाहीत. त्यामुळे प्रत्येक बशीच्या, प्रत्येक तुकड्याच्या कडेला लाल, हिरवी, नारिंगी, निळी अशी बारीक झळाळी उरते. तापलेल्या हवेत वस्तूची कड थरथरते तसं डोळ्याला होतं. आणि सावल्या! करड्या नाहीत, निळ्या, कधी इतक्या गडद निळ्या की त्या स्वतःच एक वस्तू होतात. पार्श्वभूमी पांढरी म्हणावी तर त्या पांढऱ्यात पिवळं, गुलाबी, निळसर काय काय आहे.

आणि तिसरी, जी ऐकून माझी मुलं चकित होतात. हे केक समोर ठेवून काढलेले नाहीत. स्मरणातून काढलेत. आपण स्मरणचित्र म्हटलं की जत्रा, बाजार, पाण्याचा नळ असली ठरीव दृश्यं पाठ करून जातो आणि परीक्षा संपली की विषय बंद. टीबोने स्मरणचित्राचं वस्तुचित्र केलं. आठवणीत वस्तूचे बारकावे झडतात आणि तिचं रूप तेवढं शिल्लक राहतं. म्हणून त्याचा पायचा तुकडा कुठल्याही बेकरीचा नाही आणि सगळ्या बेकऱ्यांचा आहे. त्यात एकटेपणाही आहे. एवढे पदार्थ मांडलेत आणि खाणारं कुणी नाही. हे कळल्यावर मला ती चित्रं गोड वाटेनाशी झाली.

आता तुझा पहिला प्रश्न. शिकवताना चित्र का सुटतं? आपल्याकडचं माझं निरीक्षण सांगतो. आपण वर्गात एक चित्रकला शिकवतो आणि घरी दुसरीच करतो. वर्गात मटका, कापड, छायाप्रकाश. घरी 'माझी स्वतःची शैली'. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नसला की वर्ग म्हणजे नुसता गेलेला वेळ. टीबोचं तसं नव्हतं. आकार कसा बसतो, प्रकाश कुठून येतो, कड कुठे तीक्ष्ण ठेवायची आणि कुठे विरघळू द्यायची, हे तो सकाळी मुलांना विचारायचा आणि तेच प्रश्न घरी कॅनव्हासला विचारायचा. पदव्युत्तर मुलांपेक्षा अगदी नवशिक्यांचे रेखाटनाचे वर्ग त्याला जास्त प्रिय होते. प्राध्यापकी वाढली की माणूस वरचे वर्ग मागून घेतो. हा खालच्या वर्गाला चिकटून बसला. तिथे कुणी तरी दर वर्षी विचारणारच: सर, सावली काळी का नाही? हा प्रश्न चाळीस वर्षं ऐकणारा माणूस सावलीबद्दल गाफील राहू शकत नाही. 1991 मध्ये तो नियमाप्रमाणे निवृत्त झाला आणि नंतरही वर्षानुवर्षं वर्ग घेत राहिला, पगाराशिवाय.

मात्र एक हिशेब डोळ्याआड करू नकोस. साठच्या दशकातलं कॅलिफोर्निया म्हणजे वाढती विद्यापीठं, कायम नोकरी, अभ्यासरजा. तुला आलेली संधी तासिका तत्त्वावरची असेल, दोन कॉलेजांत धावपळ आणि सुट्टीत पगार नाही अशी असेल, तर टीबोचं उदाहरण देऊन मी तुला त्यात ढकलणार नाही. आठवड्यातले किती तास स्वतःचे उरतात ते आधी कागदावर मांड.

टीबो केकवरच थांबला असंही समजू नकोस. 1963 पासून माणसं आली, पांढऱ्या रिकाम्या जागेत बसलेली, निर्विकार, काही घडायची वाट पाहत असल्यासारखी. ती मला थोडी कडक वाटतात, केकपेक्षा कमी जिवंत. पण 'बेटी जीन आणि पुस्तक', बायकोचं व्यक्तिचित्र, त्याने 1965 ते 69 असं चार वर्षं चालवलं, ते बघ. बहात्तरच्या सुमारास त्याने सॅन फ्रान्सिस्कोत पोट्रेरो हिल या टेकडीवर घर घेतलं आणि तिथले चढ रंगवायला घेतले. आधी रस्त्यावर उभं राहून प्रयत्न केला, पण जे जाणवत होतं ते त्यात उतरेना. मग घरी येऊन पाच-सहा रेखाटनांचं एक चित्र करू लागला. रस्ता भिंतीसारखा उभा, गाडी आता घसरेल की काय, इमारतीची सावली दरीत कोसळलेली. खंडाळ्याच्या घाटात बसच्या पुढच्या सीटवरून पोटात जो गोळा येतो, तो या चित्रांत आहे. नव्वदच्या दशकात सॅक्रामेंटो नदीच्या त्रिभुज प्रदेशातली शेतं आली. एकाच चित्रात काही वरून दिसतं, काही समोरून, सावल्या वेगवेगळ्या दिशांना, आणि शेताचे पट्टे लिंबोळी, जांभळे, गुलाबी. 1997 चं 'फ्लॅटलँड रिव्हर' माझ्या मते त्याच्या सर्वोत्तम पाचांत बसेल. नव्वदी ओलांडल्यावर लहानपणी पाहिलेल्या सर्कशीतले विदूषक आले.

मानसन्मान भरपूर झाले. 1994 चं राष्ट्रीय कलापदक क्लिंटनच्या हातून मिळालं. 2020 च्या जुलैत 1962 चं 'फोर पिनबॉल मशीन्स' लिलावात एक कोटी नव्वद लाख डॉलरच्या वर गेलं. किमती वाचून भारावू नकोस. मला त्याने केलेल्या मोटारीच्या नंबरप्लेटचं कौतुक जास्त: कॅलिफोर्नियात कलाशिक्षणाला मदत म्हणून विकल्या जाणाऱ्या पाट्यांवर मावळता सूर्य आणि ताडाची झाडं आहेत, ते डिझाइन टीबोचं. कमर्शियलवाला शेवटपर्यंत जिवंत होता. 25 डिसेंबर 2021 ला, एकशे एकाव्या वर्षी, सॅक्रामेंटोत तो गेला. शेवटच्या वर्षांपर्यंत सकाळी टेनिस आणि मग स्टुडिओ असा दिवस असे.

तुला करून बघायचं असेल तर माझ्या वर्गातला एक स्वाध्याय देतो. बेकरीत जा, बनमस्का किंवा क्रीमरोल घे, दहा मिनिटं नीट बघ आणि खाऊन टाक. दुसऱ्या दिवशी आठवून काढ. पहिली रेघ पिवळी, मग निळी, मग लाल, आणि शेवटपर्यंत थोडी थोडी दिसू दे. काळा रंग पेटीतून बाहेर काढून ठेव. तैलरंग जाड लावणार असशील तर खालचा थर पातळ आणि कमी तेलाचा, वरचा जाड. उलट केलंस तर वर्षभरात भेगा पडतील. पावसाळ्यात हा उद्योग कोकणात किंवा मुंबईत करू नकोस, जाड टायटॅनियम व्हाइट आठ-आठ दिवस ओलं राहतं आणि त्यावर बुरशी धरलेली मी पाहिली आहे. ऑक्टोबरपर्यंत थांब.

आणि कधी अमेरिकेला जाणं झालं तर सॅक्रामेंटोच्या क्रॉकर संग्रहालयात 1961 चं 'पाय्ज, पाय्ज, पाय्ज' आहे. समोरून बघून झालं की भिंतीला लागून बाजूने उभा राहा. तिथून रंगाची उंची दिसते.